पिशवी कोरडी, अंथरूण ओलं: कॅथेटर पुन्हा पुन्हा तुंबतो तेव्हा

"सिस्टर, पिशवीत कायच येईना झालंय. आणि गादी मात्र सगळी वली झालीया."

रात्रीचे पावणेतीन. आबांचा थोरला लेक काउंटरपाशी उभा. महिन्याभरात हेच वाक्य मी त्याच्या तोंडून तिसऱ्यांदा ऐकत होते. पहिल्या वेळी कॅथेटर, म्हणजे मूत्राशयातली लघवी पिशवीत आणणारी नळी, बदलला. दुसऱ्या वेळी जाड नंबरचा घातला, वर अँटिबायोटिकचा कोर्स झाला. आणि आता परत तेच.

आबा म्हणजे वय ७८, पन्हाळ्याकडचे. उसाच्या पाटात पाय घसरून खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. प्रोस्टेट, म्हणजे पुरुषांच्या मूत्रमार्गाभोवतीची गाठ, आधीपासून वाढलेली. ऑपरेशननंतर नळी काढून बघितली तर लघवी तटली, म्हणून पुन्हा घातली. तेव्हापासून ती आहेच.

कोल्हापुरात वॉर्डात माझी वीसेक वर्षं गेली. आबांसारखा पेशंट नाही असा महिना आठवत नाही. नव्या मुलींना मी एकच सांगते, कॅथेटरचा ट्रे उघडायच्या आधी पलंगाची कड बघा आणि पेशंटचं पोट बघा. मी कोणत्या क्रमाने बघते ते खाली लिहिते. घरी म्हातारं माणूस सांभाळणाऱ्यांनाही यातलं बरंच करता येईल. पण नळी घालणं, काढणं, सिरिंजने धुणं ही शिकलेल्या माणसाची कामं. ती वाचून करायची नाहीत.

पिशवीपासून वर हात न्यायचा

टॉर्च घ्यायचा आणि पिशवीपासून सुरुवात करून हात नळीवरून वर वर नेत शरीरापर्यंत जायचं. डोळ्यांनी नुसतं बघून भागत नाही, कारण नळी चादरीखाली असते. आणि चादर उचलायची सगळ्यांना लाज असते, पेशंटला सगळ्यात जास्त.

पिशवी काठोकाठ भरलीय का? दोन लिटरची पिशवी पूर्ण भरली की वरून उतरणारी लघवी जाणार कुठं? दोनतृतीयांश भरली की रिकामी करायची. नळीवर क्लिप असते ती बंद राहिलीय का? लॅबसाठी सॅम्पल घेताना क्लिप लावतात आणि सॅम्पल घेणारी व्यक्ती ड्यूटी संपवून घरी जाते. हे मी माझ्या स्वतःच्या हातून झालेलंही सांगते, दीड तास क्लिप बंद होती आणि आजोबा बिचारे "जरा कळ लागलीया" एवढंच म्हणत होते.

मग पिशवी अडकवलीय कुठं? पलंगाच्या कठड्याला पिशवी अडकवणं ही आपल्याकडची सगळ्यात मोठी चूक. दिवसा कठडा खाली असतो तेव्हा पिशवीही खाली असते. रात्री पेशंट पडू नये म्हणून कुणीतरी कठडा वर करतं आणि पिशवी मूत्राशयाच्या वर जाते. लघवी चढ चढत नाही, उलट नळीत असलेली मागे जाते. पिशवी पलंगाच्या न हलणाऱ्या लोखंडी पट्टीला अडकवायची, जमिनीला टेकू द्यायची नाही. एक्स-रेला नेताना पिशवी पेशंटच्या पोटावर ठेवून स्ट्रेचर ढकलतात तोही हाच प्रकार. आमच्या वॉर्डातल्या मामांना मी हे इतक्यांदा सांगितलंय की आता मी दिसले की ते आधी पिशवी खाली घेतात.

पुढं झोळ. पिशवीची नळी लांब असते, ती पलंगावरून खाली लोंबते आणि पुन्हा वर चढून पिशवीत शिरते. या झोळात लघवी साचून राहते आणि पुढच्या लघवीची वाट धरते. जादा नळी गादीवर सपाट गुंडाळून चादरीला सैल अडकवायची आणि तिथून पिशवीपर्यंत सरळ उतार द्यायचा. शेवटी मांडी. कुशीवर वळवलेल्या पेशंटच्या मांडीखाली नळी चेपलेली सापडते, आणि चेपलेल्या जागी कातडीवर लाल वळही उठलेला असतो.

आबांच्या बाबतीत त्या रात्री झोळ होता. तो काढला. पाच मिनिटं थांबले. पिशवीत एक थेंब नाही.

मग पोट

बेंबीच्या खाली हात ठेवून हळूच दाबायचं. मूत्राशय रिकामं असेल तर तिथं मऊ लागतं. भरलेलं असेल तर गोल, घट्ट, ताणलेलं काहीतरी हाताला लागतं, दाबलं की पेशंट तोंड वाकडं करतो. वॉर्डात ब्लॅडर स्कॅनर, म्हणजे मूत्राशयात किती लघवी आहे ते पोटावरून दाखवणारं यंत्र, असेल तर उत्तमच. नसेल तर हात आहेच.

इथं दोन वाटा फुटतात.

पोट मऊ आहे, पिशवी कोरडी आहे, अंथरूणही कोरडं आहे, तर नळीचा दोष नसेलही. लघवी तयारच होत नसेल. किलोमागे तासाला अर्धा मिली असा हिशेब धरतात. साठ किलोच्या माणसाला तासाला ३० मिली तरी यायला हवी. त्याहून कमी सलग काही तास राहिली तर पाणी कमी पडतंय, बीपी पडलंय, किडनीवर ताण आहे, असं काहीतरी चाललेलं असतं. हा निर्णय डॉक्टरांचा. पण त्यांना फोन करताना आपल्या हातात आकडे पाहिजेत. "लघवी कमी आहे" असं नाही सांगायचं, "रात्री दहापासून चार तासांत ४० मिली" असं सांगायचं. आय-ओ चार्टवर, म्हणजे पोटात किती गेलं आणि बाहेर किती आलं त्या तक्त्यावर, 'लघवी झाली' असं लिहिलेलं मी बघितलंय. झाली हे मलाही दिसतंय, किती झाली ते लिहा.

पोट घट्ट आहे आणि पिशवी कोरडी, तर नळी नक्की अडलीय. मग अंथरूण ओलं का? लोकांना हेच कोडं पडतं. नळी आत तुंबली की मूत्राशय भरत जातं, कळ मारतं, आकुंचन पावतं, आणि लघवी नळीच्या बाहेरून, मूत्रमार्गाच्या भिंतीकडेने वाट काढते. म्हणजे ओलं अंथरूण हे लघवी होत असल्याचं लक्षण समजून गप्प बसायचं नाही.

आबांचं पोट घट्ट होतं. ऑन-ड्यूटी डॉक्टरांनी कॅथेटर बदलला. ६५० मिली लघवी आली आणि आबा पाच मिनिटांत घोरायला लागले. एकदम लिटरभराच्या वर लघवी निघाली तर मात्र तो पेशंट पुढचे काही तास नजरेखाली ठेवावा. लघवीत थोडं रक्त येऊ शकतं, बीपी उतरू शकतं, आणि कधी कधी लघवीचा नुसता पूर सुटतो. तासाला २०० मिलीच्या वर जायला लागली की डॉक्टरांना कळवायचं.

गळतंय म्हणून जाड नळी?

नळीच्या कडेने लघवी गळते, मग भोक बुजेल असा जाड कॅथेटर घाला. ऐकायला बरोबर वाटतं, नळाचा प्लंबर हेच करेल. पण मूत्रमार्ग म्हणजे पीव्हीसी पाईप नव्हे.

कॅथेटरचे नंबर फ्रेंच मापात असतात, ३ फ्रेंच म्हणजे १ मिलिमीटर. १६ नंबरचा, ज्याच्या टोकाला नारिंगी रंग असतो, तो सुमारे ५.३ मिलिमीटर जाड. आबांना दुसऱ्या वेळी पिवळ्या टोकाचा २० नंबर बसवला होता आणि नळी आत टिकून राहावी म्हणून टोकाशी जो फुगा असतो तोही मोठा फुगवला होता. मोठा फुगा मूत्राशयाच्या बुडाला टोचत राहतो, त्यामुळे कळा वाढतात आणि कळा वाढल्या की गळती वाढते. साध्या कामासाठी पुरुषांना १४ किंवा १६, बायकांना १२ किंवा १४ पुरतो. फुग्यात पाकिटावर लिहिलेलं तेवढंच, बहुधा १० मिली निर्जंतुक पाणी. सलाईन भरायचं नाही, त्यातल्या मिठाचे कण फुग्याच्या बारीक वाटेत बसू शकतात आणि मग काढायच्या वेळी फुगा रिकामा होत नाही. रक्ताच्या गाठी येत असतील किंवा प्रोस्टेटच्या ऑपरेशननंतर जाड, तीन तोंडांचा कॅथेटर लागतो, तो विषय वेगळा.

नळी वाहतेय, पोट मऊ आहे, तरी कडेने थोडं थोडं गळतंय, तर कारण मूत्राशयाच्या कळा. कळा कशाने येतात ते शोधायचं. नळी ओढली जातेय का, जंतुसंसर्ग आहे का, आणि सगळ्यात आधी, पोट साफ आहे का.

परसाकडं

तिसऱ्या खेपेला डॉक्टरांचं काम झाल्यावर मी लेकाला विचारलं, "दादा, आबांचं पोट साफ होतंय का?"

"रोज हुतंय की. उलट पातळच हुतंय. दिवसातनं चारदा लंगोट बदलतोय."

इथं मला शंका आली. खुब्याच्या ऑपरेशननंतर दुखण्यासाठी ट्रामाडॉल, रक्त कमी म्हणून लोहाच्या गोळ्या, दिवसभर पाठीवर, पाणी जेमतेम. अशा माणसाला रोज चारदा जुलाब होतील कसे? सकाळी डॉक्टरांनी बोट घालून तपासलं तर आत खड्यासारखी कडक शौच अडकलेली. पातळ होत होतं ते त्या खड्याच्या कडेने झिरपणारं पाणी. घरच्यांनी जुलाब समजून दोन दिवस जुलाब थांबायची गोळी दिली होती, म्हणजे आगीत तेल.

गुदाशय आणि मूत्राशय शेजारी शेजारी. मागचं भरलं की पुढच्याच्या मानेवर दाब येतो. नळी दबते, कळा येतात, गळती होते. एनिमा, मग पोट साफ ठेवणारं लॅक्टुलोज रोज, दुखण्याच्या गोळ्यांचा फेरविचार. आबांच्या कळा दुसऱ्या दिवशी निम्म्याने कमी झाल्या. म्हणून ड्यूटी बदलताना ओव्हर घेते तेव्हा कॅथेटरच्या पेशंटची शौच शेवटची कधी झाली आणि कशी झाली, हे मी विचारतेच. 'झाली' एवढ्यावर सोडत नाही.

पाण्याचंही तसंच. आबा दिवसाला दोन कप चहा आणि गोळ्यांपुरतं पाणी घेत होते. का ते विचारायला मला तीन दिवस लागले, कारण लेकासमोर ते बोलत नव्हते. लेक खाली मेडिकलला गेला तेव्हा म्हणाले, "पानी पिलं की ही पिशवी भरत्या. मग सूनबाईनं वतायची. तिला लाज वाटत्या, मलाबी. कशाला पिऊ?"

तालमीत उमेदीची वर्षं घालवलेला माणूस, शहरात आला की गंगावेशीच्या कट्ट्यावर म्हशीचं धारोष्ण दूध पिऊन जाणारा. तो सुनेला त्रास नको म्हणून तहान मारत होता. मी वहिनींशी बोलले. त्या म्हणाल्या, "मला कसली लाज? मी गोठा काढते रोज." हे त्यांनी आबांना स्वतः सांगितलं तेव्हा काम झालं. मग घरून पितळी तांब्या आणला. मी मापाच्या जगने मोजला, ८०० मिली भरला. संध्याकाळी सहाच्या आत दोन तांबे, असा हिशेब ठरला. हृदयाचा किंवा किडनीचा आजार असेल तर हा हिशेब डॉक्टरांकडून ठरवून घ्यायचा, बाकीच्यांना दिवसाला दीड-दोन लिटर ठीक. बार्लीचं पाणी, धन्याचं पाणी, लिंबूपाणी, काहीही चालतं. जळजळ होतेय म्हणून मेडिकलमधून लघवी अल्कलाइन (क्षारीय, आम्लाच्या उलट) करणारं सिरप मात्र आपल्या मनाने आणू नका. का ते पुढं येतंय.

काढलेली नळी टाकून देऊ नका

म्हणजे घरी न्या असं नाही म्हणत. कचऱ्याच्या लाल पिशवीत जाण्याआधी दोन मिनिटं बघा म्हणते.

ग्लोव्हज घालून कॅथेटरचं टोक अंगठा आणि बोटाच्या मध्ये धरून चोळायचं. मऊ लागलं तर ठीक. आबांची नळी चोळली तर आत वाळू असल्यासारखं कचकच लागलं. टोकापासून उभी कापली. आतल्या पोकळीत पांढरट-पिवळट थर, टोकाच्या दोन्ही डोळ्यांवर, म्हणजे भोकांवर, तर पूर्ण बूच. बोअरचं पाणी वापरणाऱ्या घरात गिझरच्या कॉइलवर बसतो तसा.

हा थर येतो जंतूंमुळे, आणि मुख्य आरोपी प्रोटियस मिराबिलिस. हा जंतू युरिएज नावाचं एन्झाइम सोडतो, त्याने लघवीतल्या युरियाचा अमोनिया होतो आणि लघवी अल्कलाइन बनते. अल्कलाइन लघवीत मॅग्नेशियम आणि कॅल्शियमचे फॉस्फेट विरघळून राहत नाहीत, त्यांचे स्फटिक नळीवर बसतात. म्हणूनच ते सिरप नको म्हटलं. आबांच्या लघवीत तपासणीची पट्टी बुडवली तर पीएच ८, म्हणजे अल्कलाइनच.

केसपेपर उलटून मी तारखा काढल्या. पहिला कॅथेटर नवव्या दिवशी तुंबला, दुसरा आठव्या, तिसरा दहाव्या. मग चौथा तुंबायची वाट का बघायची? सातव्या दिवशी आपणच बदलायचा. ही साधी गोष्ट कुणाला सुचली नव्हती, कारण प्रत्येक वेळी ड्यूटीवर वेगळं माणूस होतं आणि प्रत्येकाने आपली रात्र निभावून नेली होती. सलग तीन-चार नळ्यांच्या तारखा मांडा, पेशंटचं वेळापत्रक आपोआप दिसतं. काहींची नळी आठवड्यात तुंबते, काहींची महिना-दोन महिने स्वच्छ राहते.

नळी कशाची आहे तेही बघायचं. साधी लॅटेक्सची दोन-तीन आठवड्यांची सोबती. पूर्ण सिलिकॉनची महाग, पण बारा आठवड्यांपर्यंत ठेवता येते, आणि त्याच नंबरात आतली पोकळी मोठी असते. तरी प्रोटियस असेल तर सिलिकॉनही तुंबतो, उशिरा तुंबतो एवढंच. लॅटेक्सला तेल किंवा व्हॅसलीन लावायचं नाही, रबर खराब होतं.

आणि पुन्हा पुन्हा अशी वाळू येत असेल तर डॉक्टरांना सोनोग्राफीबद्दल विचारा. आबांच्या मूत्राशयात खडा निघाला. तो आत असेपर्यंत जंतूंना बसायला दगडाचं घर होतं. किती नळ्या बदला, अँटिबायोटिक किती द्या, त्या दगडात औषध नीट पोचतच नाही. युरॉलॉजिस्टनी दुर्बिणीतून खडा फोडून काढला.

धुण्याबद्दल थोडक्यात. रोज नेमाने सलाईनने मूत्राशय धुण्याची पद्धत काही ठिकाणी अजून आहे. त्याने जंतुसंसर्ग टळत नाही, उलट प्रत्येक वेळी पिशवी आणि नळीचा सांधा उघडतो आणि तिथून जंतू आत जातात. सांधा उघडायचाच नाही, हा नियम. गाठी अडकल्या असतील तर डॉक्टरांच्या सांगण्यावरून, निर्जंतुक हातांनी, हलक्या दाबाने धुवावं. पाणी आत गेलं आणि परत येईना, तर आणखी ढकलत बसायचं नाही.

लघवी गढूळ, मग अँटिबायोटिक?

याच्यावर नातेवाइकांशी माझे वाद होतात, कधी डॉक्टरांशीही. नळी असेपर्यंत रोज साधारण ३ ते ७ टक्के पेशंटच्या लघवीत नव्याने जंतू शिरतात. महिनाभर नळी राहिली की जवळपास सगळ्यांच्याच लघवीत जंतू सापडतात. म्हणजे तपासायला पाठवली तर रिपोर्ट पॉझिटिव्ह येणारच. त्या रिपोर्टवर औषध दिलं तर जंतू जात नाहीत, हट्टी होतात. नुसती गढूळ आहे, वास येतोय, एवढ्यावर कल्चर, म्हणजे जंतू वाढवून बघायची तपासणी, पाठवायचं कारण नाही. पाणी वाढवा आणि वाट बघा.

पण ताप, थंडी वाजून हुडहुडी, कंबरेच्या वर बाजूला दुखणं, ओटीपोटात दुखणं, किंवा काल शुद्धीत बोलणारा माणूस आज भलतंच बडबडतोय, तर लगेच डॉक्टर. तेव्हा सॅम्पल पिशवीतलं द्यायचं नाही. नळीवरच्या सॅम्पल पोर्टमधून, स्पिरिटने पुसून, सिरिंजने. कॅथेटर दोन आठवड्यांपेक्षा जुना असेल तर तो बदलून नव्यातून घेतलेलं सॅम्पल खरं बोलतं.

एकदा एका आजींची पिशवी जांभळी झाली. चांगली जांभळी, शाई ओतल्यासारखी. घरचे पार हादरले होते. बद्धकोष्ठ असलेल्या, बरेच दिवस नळी असलेल्या वृद्धांमध्ये, जास्त करून बायकांमध्ये, हे होतं. अन्नातल्या ट्रिप्टोफॅन नावाच्या घटकापासून तयार झालेल्या पदार्थावर लघवीतले जंतू काम करतात आणि निळं-तांबडं रंगद्रव्य पिशवीच्या प्लास्टिकमध्ये उतरतं. नळी-पिशवी बदलली, पोट साफ केलं, रंग गेला. लघवी नारिंगी दिसली तर आधी गोळ्यांची चिठ्ठी बघा, टीबीच्या रिफॅम्पिसिनने तशी होते.

रोजची निगा

सकाळ-संध्याकाळ आणि शौचानंतर साधा साबण आणि पाणी. डेटॉल, सॅव्हलॉन, पावडर काही नको. बायकांची स्वच्छता पुढून मागे. नळी पुसताना शरीराकडून पिशवीकडे.

पुरुषांमध्ये एक गोष्ट विसरलात तर महागात पडते. पुढची कातडी मागे सारून स्वच्छ केलं की ती परत पुढं आणायचीच. मागे राहिली तर काही तासांत टोक सुजतं, मग कातडी पुढं येतच नाही आणि रक्तपुरवठा अडतो. नव्या मुली संकोचाने घाईत उरकतात आणि नेमकं हेच राहतं.

नळी मांडीला किंवा पुरुषांमध्ये खालच्या पोटाला चिकटपट्टीने अडकवायची, थोडी ढील ठेवून. दोन लिटर भरलेली पिशवी म्हणजे दोन किलोचं वजन मूत्रमार्गाला लटकलेलं. महिनोन्‌महिने असं ओढलं गेलं की मूत्रमार्गाचं तोंड चिरत जातं, आणि ते पुन्हा शिवून येत नाही.

पिशवी रिकामी करायला प्रत्येकाचं भांडं वेगळं. शेजारच्या पलंगाचीही त्याच मिनरल वॉटरच्या बाटलीत ओतून देणारे परोपकारी नातेवाईक प्रत्येक वॉर्डात असतात. त्यांच्या पुण्याईने जंतू पलंगापलंगावर जातात. पिशवीचा नळ भांड्याला टेकवायचा नाही, हात आधी आणि नंतर धुवायचे.

रात्री नळी ओढणारे

फुगा फुगलेला असताना पेशंटने नळी ओढून काढली तर रक्त येतं, प्रसंगी बरंच. म्हणून हात बांधतात. मला ते पटत नाही, आणि बांधलेला माणूस जास्तच झटापट करतो. आधी बघा, तो ओढतो का? आबा दुसऱ्या वेळी तुंबण्याच्या आदल्या रात्री नळीला हिसके देत होते आणि "म्हशीला सोडा" म्हणत होते. सगळे म्हणाले, म्हातारा भ्रमलाय. आता मागे बघताना कळतं, पोट भरत चाललं होतं आणि आत शौच अडकली होती. त्यांना बोलून सांगता येत नव्हतं, हात सांगत होता. तेव्हा पोट चाचपा, चष्मा आणि कानाचं यंत्र द्या, मंद दिवा ठेवा, घरचं ओळखीचं माणूस जवळ बसवा, आणि नळी पायजम्याच्या आतून खाली सोडा म्हणजे हाताला लागत नाही.

नळी निघालीच आणि रक्त येत असेल, चार तासांत लघवी झाली नाही, गाठी पडत असतील, तर घरी थांबायचं नाही. मणक्याची जुनी इजा असलेल्या पेशंटची नळी तुंबली आणि डोकं ठणकायला लागलं, घाम फुटला, तर एक मिनिटही नाही, त्यांचं बीपी धोक्याच्या पलीकडे चढू शकतं.

ही नळी अजून हवीच का, हा प्रश्न राऊंडला रोज विचारायचा. अंथरूण ओलं होतं म्हणून, किंवा उचलून न्यायचे कष्ट वाचतात म्हणून ठेवलेली नळी काढून टाकावी. काढण्याआधी क्लिप लावून 'सवय' करायची गरज नाही. सकाळी काढावी, म्हणजे लघवी अडली तर दिवसाउजेडी कळतं.

आबांची अजून निघालेली नाही. प्रोस्टेटसाठी टॅम्सुलोसिनची गोळी चालू आहे, एकदा काढून बघितली, जमलं नाही. चालायला लागले की प्रोस्टेटचं बघू, असं युरॉलॉजिस्ट म्हणालेत. घरी जाताना मी वहिनींना एक जादा पिशवी आणि बदलायच्या तारखा लिहून दिल्या. पावसाळ्याच्या तोंडावर तारीख येत असेल तर ओढा चढायच्या आधीच या, असंही बजावलं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगा चढली आणि रस्ते बंद झाले, तेव्हा तुंबलेल्या नळीचा माणूस घरात घेऊन बसणं काय असतं ते त्या भागातल्या लोकांना वेगळं सांगावं लागत नाही. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात कॅथेटर बदलून मिळतो का, ते आधीच विचारून ठेवायला सांगितलं.

खडा निघाल्यापासून सिलिकॉनचा कॅथेटर सहा आठवडे टिकला. परवा लेकाने मोबाईलवर भिंतीवरच्या कॅलेंडरचा फोटो पाठवला. एकादशीच्या शेजारच्या चौकोनात वहिनींनी लाल पेनने 'नळी' लिहिलंय, आणि त्याच्याखाली बारीक अक्षरात 'तांब्या २'.